व्यसन रक्तात असते काय?
(आनुवंशिकता आणि तंबाखूची तलफ)

तंबाखूच्या व्यसनाविषयी आपल्या समाजात दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, "खाण तशी माती. आजा ओढत होता, बाप ओढतो, मग पोरगा कसा सुटेल? ते त्यांच्या रक्तातच आहे." दुसरे मत याच्या नेमके उलटे आहे. "रक्तबिक्त काही नाही. माणसाने मनावर घेतले तर एका दिवसात विडी सुटते. ज्याची सुटत नाही त्याच्यात निर्धारच नाही." पहिल्या मतामुळे माणूस हातपाय गाळून बसतो आणि दुसऱ्या मतामुळे तो घरात व चारचौघांत अपमानित होतो. बोलणाऱ्याला दोन्ही मते सोपी वाटतात. पण ज्याला तंबाखू सोडायची आहे त्याच्या उपयोगाचे त्यांतील एकही नाही.

विज्ञानाने या प्रश्नाचा गेली साठ-सत्तर वर्षे बारकाईने अभ्यास केला आहे. जुळ्या भावंडांच्या पाहण्या झाल्या, जनुकांची तपासणी झाली, उंदरांवर प्रयोग झाले. या सर्वांतून निघालेले उत्तर दोन्ही मतांहून वेगळे आहे. तंबाखूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि तो लहान नाही. परंतु आनुवंशिकता कोणाच्याही हाती पहिली विडी देत नाही आणि हातातली विडी टाकण्यापासून कोणाला कायमची अडवूही शकत नाही. हे कसे, ते आपल्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना सोप्या भाषेत सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

निकोटिनचे काम

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगालमधील फ्रेंच राजदूत झाँ निको याने १५६० च्या सुमारास ती फ्रान्सच्या दरबारी पाठवली आणि त्याच्या नावावरून या वनस्पतीला निकोटिआना हे शास्त्रीय नाव मिळाले. पुढे १८२८ साली पोसेल्ट आणि राइमान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तंबाखूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. तेच निकोटिन होय.

येथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. विडी-सिगारेटच्या धुरात हजारो रसायने असतात आणि त्यांपैकी कित्येक कर्करोगाला कारणीभूत होतात. फुप्फुसे व हृदय यांचे नुकसान करण्यात या धुराचा मोठा हात असतो. परंतु माणसाला त्या धुराकडे पुन्हा पुन्हा ओढून नेण्याचे काम मुख्यतः निकोटिन करते. म्हणजे मारणारे बहुतांशी वेगळे आणि बोलावून नेणारे वेगळे.

सिगारेटचा झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. मेंदूतील पेशींवर काही विशिष्ट प्रथिने कुलपांसारखी बसवलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. शरीर स्वतः तयार करत असलेले असेटिलकोलिन हे रसायन त्या कुलपांची खरी किल्ली आहे. निकोटिनची घडण अशी आहे की, तेही त्याच कुलपांत बसते. कुलूप उघडले की मेंदूच्या एका भागात डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते आणि माणसाला बरे वाटते. हे वारंवार घडू लागले की मेंदू त्याला सरावतो आणि निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. मग चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे सुरू होतात. यालाच आपण तलफ म्हणतो. रात्रभराच्या झोपेत निकोटिन बरेच उतरलेले असते. म्हणून सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली विडी लागते, या एका प्रश्नावरून व्यसन किती खोलवर गेले आहे याचा बऱ्यापैकी अंदाज डॉक्टर बांधतात. अर्ध्या तासाच्या आत ज्याला राहवत नाही, त्याची गाठ घट्ट बसली आहे असे समजावे.

कुलूप, किल्ली आणि निकोटिनचा निचरा ही सारी व्यवस्था शरीरातील प्रथिनांवर चालते. ती प्रथिने कशी बांधायची याची लिखित कृती म्हणजे जनुक. ही कृती माणसामाणसांत किंचित वेगळी असते. आनुवंशिकतेचा संबंध येतो तो असा.

जुळ्या भावंडांची साक्ष

एकाच घरात वडील आणि मुलगा दोघेही विडी ओढतात, एवढ्यावरून आनुवंशिकता सिद्ध होत नाही. मुलाला वडिलांची जनुके मिळतात, तशीच वडिलांच्या खिशातील काडेपेटीही मिळते. जनुकांचा परिणाम कोणता आणि घरातील वळणाचा कोणता, हे वेगळे करायचे कसे? यासाठी शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांचा आधार घेतला.

जुळी भावंडे दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली जुळी हुबेहूब सारखी असतात आणि त्यांची जनुकेही जवळजवळ पूर्णपणे सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांपासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके सर्वसाधारण सख्ख्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरीने निम्मी, सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. हुबेहूब जुळ्यांच्या सवयी दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जास्त जुळत असतील, तर तेवढा भाग जनुकांचा मानायचा.

अनेक देशांत झालेल्या अशा पाहण्यांचा गोषवारा असा की, धूम्रपान सुरू होण्यातील माणसामाणसांमधील फरकांपैकी सुमारे निम्मा भाग आनुवंशिकतेकडे जातो आणि एकदा लागलेली सवय टिकून राहण्यात हा वाटा थोडा अधिकच आहे.

"निम्मा भाग" या शब्दांचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. एखादा गृहस्थ दिवसाला दहा विड्या ओढतो, त्यांपैकी पाच जनुकांमुळे आणि पाच संगतीमुळे, असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या लोकसमूहात कोणी ओढतो, कोणी ओढत नाही. या फरकाची विभागणी त्या समूहापुरती आणि त्या काळापुरती सांगणारा तो आकडा आहे. परिस्थिती बदलली की तोही बदलतो.

याचे उत्तम उदाहरण स्वीडनमधील आहे. तेथील जुळ्यांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात काही जुळी एकत्र वाढलेली होती, तर काही लहानपणीच वेगळ्या घरी वाढलेली होती. पुरुषांमध्ये तंबाखूच्या सवयीत आनुवंशिकतेचा वाटा चांगलाच मोठा दिसला. स्त्रियांचे चित्र पिढीगणिक वेगळे होते. १९२५ पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांमध्ये हा वाटा जवळजवळ शून्य होता, तर १९४० नंतर जन्मलेल्या स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या बरोबरीचा झाला. पंधरा-वीस वर्षांत स्वीडनमधील स्त्रियांची जनुके काही बदलली नाहीत. बदलली ती समाजाची रीत. जुन्या पिढीत बाईने तंबाखूला हात लावणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे जनुकांत ओढ असली तरी ती बाहेर पडायला वावच नव्हता. बंधन सैल झाले आणि आत दडलेली ओढ दिसू लागली.

बी कितीही जोमदार असले तरी ते डब्यात ठेवले तर रुजत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पंधराव्या गुणसूत्रावरील एक अक्षर

आता प्रत्यक्ष जनुकांकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. त्यांवर डीएनएच्या चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात.

पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनच्या ग्राहींचे तीन घटक तयार करणारी तीन जनुके शेजारी शेजारी बसलेली आहेत. त्यांपैकी अल्फा-५ या घटकाच्या जनुकात एका जागी काही लोकांचे एक अक्षर वेगळे असते. 'जी' ऐवजी तेथे 'ए' असते. या एका अक्षरामुळे प्रथिनाच्या साखळीतील ३९८ वा दुवा बदलतो आणि असा ग्राही निकोटिनला कमी प्रतिसाद देतो. २००७ आणि २००८ साली वेगवेगळ्या देशांतील संशोधक गटांना हजारो लोकांच्या तपासणीत हीच जागा सापडली. बदललेल्या अक्षराची एक प्रत अंगी असलेले धूम्रपान करणारे सरासरीने दिवसाला सुमारे एक सिगारेट अधिक ओढतात आणि दोन्ही प्रती असलेले सुमारे दोन. अशा लोकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही अधिक आढळले.

दिवसाला एक सिगारेट हा फरक दिसायला किरकोळ आहे. पण तो वर्षाला साडेतीनशेहून अधिक होतो, आणि अशी वर्षे तीस-चाळीस असतात.

हे अक्षर नेमके काय करते, याचा उलगडा २०११ साली उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांतून झाला. त्या प्राण्यांना एक खटका दाबून निकोटिन घेता येईल अशी सोय केली होती. साधे प्राणी ठरावीक मर्यादेपर्यंत निकोटिन घेत आणि डोस फार वाढला की थांबत, कारण जास्त निकोटिन त्यांना नकोसे होई. ज्यांच्यात अल्फा-५ घटक नव्हता ते मात्र मोठा डोस असला तरी घेतच राहत. मेंदूच्या मध्यभागी हबेन्युला नावाचा एक छोटासा भाग आहे. तेथून "आता पुरे" असा इशारा निघतो आणि तो निघण्यासाठी अल्फा-५ लागतो, असे या प्रयोगांनी दाखवले. ज्याच्यात हा घटक कमकुवत, त्याला "पुरे" हा आवाज क्षीण ऐकू येतो. पहिल्या सिगारेटने ठसका लागून, मळमळून एखादा मुलगा ती कायमची फेकून देतो आणि त्याचाच मित्र दोन महिन्यांत पाकिटावर येतो. यात धीटपणाचा वा संस्कारांचाच फरक असतो असे नाही. त्यांच्या मेंदूतील ही घंटाही कमीअधिक जोराने वाजणारी असू शकते.

दोन गोष्टी येथे मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, या अक्षराचा संबंध मुख्यतः किती ओढले जाते याच्याशी आहे. ओढायला सुरुवात होण्याशी तो फारसा नाही. ज्याने तंबाखूला कधी हातच लावला नाही, त्याच्या अंगी हे अक्षर आयुष्यभर निमूट पडून राहते. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. अनेक पाहण्या एकत्र करून २०१२ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, सोळा वर्षांच्या आत नियमित धूम्रपान सुरू करणाऱ्यांवर या अक्षराचा परिणाम जास्त होतो. उशिरा सुरू करणाऱ्यांवर तो कमी होतो. कोवळ्या वयात मेंदूची जडणघडण चालू असते, आणि त्या वयात घातलेले वळण खोल उमटते. जनुक तेच असले तरी चौदाव्या वर्षीची सिगारेट आणि चोविसाव्या वर्षीची सिगारेट सारखी नाही.

यकृतातील निचरा

दुसरे महत्त्वाचे जनुक मेंदूतील नसून यकृतातील आहे. शरीरात शिरलेल्या निकोटिनपैकी बहुतेक भाग, म्हणजे सत्तर ते ऐंशी टक्के, यकृतात कोटिनीन नावाच्या पदार्थात बदलतो. हे काम मुख्यतः सीवायपी-२ए६ या विकराचे म्हणजे एन्झाइमचे आहे. त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याचे अनेक प्रकार आढळतात. काहींचा विकर जलद काम करतो, काहींचा मंद. काहींच्या गुणसूत्रावर हे जनुक मुळातच गळालेले असते. जपानमध्ये आणि पूर्व आशियातील अन्य देशांत मंद प्रकार बरेच आढळतात.

ज्याचा निचरा मंद, त्याच्या रक्तात एका सिगारेटचे निकोटिन बराच वेळ टिकते. म्हणून त्याला दुसरीची घाई होत नाही. तो कमी ओढतो आणि सोडतानाही त्याला तुलनेने कमी त्रास होतो. ज्याचा निचरा जलद, त्याचे निकोटिन लवकर उतरते आणि तलफ लवकर येते. एकाच कारखान्यात, एकाच पाळीत शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठवण होत नाही आणि दुसऱ्याला तासाभरात बाहेर पळावे लागते, यामागे यकृतातील हा फरक असू शकतो. मुकादमाला तो कामचुकारपणा वाटतो, एवढेच.

या माहितीचा उपचारातही उपयोग होऊ लागला आहे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करून त्यांचा निचरा जलद की मंद हे आधी ठरवायचे आणि मग औषधे द्यायची, अशी एक मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण वेगाने निचरा होणाऱ्यांना निकोटिनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिन या गोळीचा लाभ अधिक झाला. मंद निचऱ्याच्या लोकांत दोन्ही उपायांचा लाभ जवळपास सारखा होता, मात्र गोळीचा त्रास त्यांना जास्त झाला. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडला नाही म्हणून दुसरा कमकुवत ठरत नाही, हा यातील बोध होय.

हजारो जनुकांचा कणभर वाटा

मग व्यसनाचे जनुक सापडले असे म्हणायचे काय? तसे मुळीच नाही. २०१९ साली सुमारे बारा लाख लोकांच्या माहितीवरून धूम्रपान व मद्यपान यांच्याशी संबंधित ५६६ जागा डीएनएमध्ये सापडल्याचे जाहीर झाले. २०२२ साली हाच अभ्यास सुमारे चौतीस लाख लोकांपर्यंत नेला, तेव्हा अशा जागांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी कणभर असतो. सगळ्या एकत्र केल्या तरी माणसामाणसांतील फरकाचा लहानसा भागच त्यांवरून सांगता येतो. एखाद्या बालकाचे रक्त तपासून हा पुढे व्यसनी होणार की नाही, हे सांगणारी चाचणी आज उपलब्ध नाही. कोणी तसे भविष्य विकत असेल तर ती कुंडलीचीच नवी आवृत्ती समजावी.

आणखी एक गैरसमज वेळीच दूर केला पाहिजे. निरनिराळ्या खंडांतील लोकांत या अक्षरांचे प्रमाण कमीअधिक असते हे खरे. अल्फा-५ मधील बदललेले अक्षर युरोपीय वंशाच्या लोकांत बरेच आढळते, तर आफ्रिका व पूर्व आशियात ते विरळ आहे. परंतु कोणतेही अक्षर एखाद्या जातीची, धर्माची वा वंशाची खूण नाही. एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकात ते असते आणि दुसऱ्यात नसते. अमुक लोक जन्मतःच व्यसनी आणि अमुक जन्मतःच निर्व्यसनी, असे म्हणायला विज्ञानात जागा नाही. जन्मावरून माणसाचे मोल ठरवणाऱ्यांनी आनुवंशिकतेचे नाव पुढे केले तर त्यांना हेच उत्तर द्यावे.

फिशर यांचा युक्तिवाद

आनुवंशिकतेच्या नावाखाली तंबाखूचा बचाव करण्याचा प्रयत्न इतिहासात एकदा झालेला आहे, आणि तो सामान्य माणसाने केलेला नव्हता. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. त्याला विरोध करण्यास पुढे आले रोनाल्ड फिशर. ते विसाव्या शतकातील सर्वांत थोर संख्याशास्त्रज्ञांपैकी एक आणि आनुवंशिकतेचेही मोठे अभ्यासक होते. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते.

फिशर यांनी १९५७-५८ मध्ये असा मुद्दा मांडला की, कदाचित एकच आनुवंशिक गुण माणसाला धूम्रपानाकडे ओढत असेल आणि तोच त्याला कर्करोगही देत असेल; मग दोष सिगारेटचा कसा? पुराव्यादाखल त्यांनी जुळ्यांची माहिती दिली. हुबेहूब जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी अधिक जुळतात, हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून काढलेला सिगारेटच्या निर्दोषपणाचा निष्कर्ष मात्र साफ चुकला.

तो चुकल्याचे जुळ्यांनीच दाखवले. हुबेहूब जुळ्यांपैकी एक ओढतो आणि दुसरा ओढत नाही, अशा जोड्या संशोधकांनी शोधून काढल्या. दोघांची जनुके सारखीच. दोष जनुकांचाच असता तर दोघांचे प्रारब्ध सारखे असायला हवे होते. फिनलंडमधील १९८९ च्या अहवालात अशा जोड्यांतील धूम्रपान करणाऱ्यांना मृत्यूने आधी गाठल्याचे दिसले. उत्तर युरोपातील देशांच्या २०१७ च्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या जुळ्याला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा संभव त्याच्या हुबेहूब भावंडाच्या सुमारे पाचपट आढळला. सिगारेटचा अपराध जनुकांवर ढकलता येत नाही, हे येथे शाबीत झाले.

सोडणाऱ्याचा लाभ

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ज्याच्या अंगी धोक्याचे अक्षर आहे, त्याने सोडून काही उपयोग होतो काय? या प्रश्नाचे उत्तर २०१६ साली चोवीस अभ्यासांची माहिती एकत्र करून देण्यात आले. अल्फा-५ चे धोक्याचे अक्षर असलेले धूम्रपान करणारे इतरांपेक्षा लवकर कर्करोगाला बळी पडतात हे खरे ठरले. पण ज्यांनी धूम्रपान सोडले होते त्यांच्यात कर्करोगाचा संभव सुमारे निम्म्यावर आलेला होता आणि ज्यांना तो झाला त्यांनाही सुमारे सात वर्षे उशिरा झाला. हा लाभ धोक्याचे अक्षर असलेल्यांना आणि नसलेल्यांना सारखाच मिळाला होता. जनुकांनी सोडणे अवघड केले असेल, पण सोडण्याचे फळ त्यांना हिरावून घेता आले नाही.

डॉल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचीच पन्नास वर्षे पाहणी चालवली आणि २००४ साली तिचा निष्कर्ष सांगितला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावतात. जे साठाव्या वर्षी सोडतात ते यांपैकी सुमारे तीन वर्षे परत मिळवतात, पन्नासाव्या वर्षी सोडणारे सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणारे नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणारे जवळजवळ सर्वच. "आता या वयात सोडून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी हे आकडे अवश्य वाचावेत.

आपल्याकडील तंबाखू

वरील बहुतेक संशोधन सिगारेट ओढणाऱ्या युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहे. आपल्याकडील चित्र निराळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. त्यात विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे वा दातांना लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू मुख्यतः धुरात नसून तळहातावर आणि मशेरीच्या डबीत आहे.

म्हणून "आम्ही ओढत नाही, नुसती खातो" या समाधानात कोणी राहू नये. निकोटिन तेच, ग्राही तेच आणि यकृतही तेच. आपल्याकडे तंबाखूत चुना मळण्याची जी पद्धत आहे, तिचे रसायनशास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. चुना अल्कधर्मी असतो. त्यामुळे निकोटिन अशा रूपात येते की, ते गालाच्या आतील त्वचेतून अधिक सहजपणे रक्तात शिरते. आपल्या पूर्वजांना निकोटिन ठाऊक नव्हते, पण चुन्याने तंबाखू लागते हे त्यांनी बरोबर हेरले होते. मशेरी दातांना बळकटी देते हा समज तर घरोघरी आहे. आजी मशेरी लावते, सून लावते, आणि दात दुखतो म्हणून नातीच्या हिरडीलाही चिमूटभर लावली जाते. पुढे ती मुलगी मशेरी सोडू शकत नाही तेव्हा "आमच्या घरातल्या बायकांच्या रक्तातच आहे" असे म्हटले जाते. त्या घरात रक्ताइतकीच डबीसुद्धा वारशाने आलेली असते, हे कोणी ध्यानात घेत नाही.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या अल्फा-५ चे अक्षर कोणते, आपला विकर जलद की मंद, हे आपल्याला ठाऊक नाही आणि मित्रालाही ठाऊक नाही. "एकदा ओढून बघ, काही होत नाही" असे सांगणारा मित्र स्वतःच्या शरीराचा अनुभव सांगत असतो. आपले शरीर त्याच्यासारखेच वागेल याची हमी तो देऊ शकत नाही. घरात तंबाखू असलेल्या मुलामुलींनी तर अधिकच सावध राहावे. वारसा भारी असेल, तर पहिला झुरका न घेणे हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

सभासद बंधू-भगिनींनी स्वीडनचे उदाहरण आठवावे. ओढ असली तरी वाव मिळाला नाही तर ती वर येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आपल्या वस्तीतील शाळेजवळच्या टपरीवर काय टांगलेले आहे, हे पाहणे आपल्याच हाती आहे. मुलाला दुकानात तंबाखूची पुडी आणायला पाठवू नये, ही गोष्ट तर कायद्याशिवायही जमण्यासारखी आहे.

आणि जे सोडण्याची धडपड करीत आहेत त्यांना टोमणे मारू नयेत. सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. पुढे दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. पहिल्याच प्रयत्नात सर्वांना यश येत नाही. तीन-चारदा प्रयत्न करून शेवटी सुटलेले पुष्कळ आहेत. कोणाला निकोटिनच्या च्युइंगगमची मदत होते, कोणाला पट्टीची, कोणाला गोळीची. आपल्याला काय योग्य ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. शासनाच्या १८००-११-२३५६ या विनाशुल्क दूरध्वनीवरही मार्गदर्शन मिळते. ज्याची तलफ इतरांपेक्षा तीव्र आहे त्याला इतरांपेक्षा अधिक मदत लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चष्म्याचा नंबर जास्त असणाऱ्याला आपण कधी दुबळा म्हणत नाही.

आईवडिलांकडून आपल्याला कोणती अक्षरे मिळाली, यात आपला काही दोष नाही आणि कर्तृत्वही नाही. त्यांच्यासमोर तंबाखू ठेवायची की नाही, एवढे मात्र आपल्याकडे उरते. हा लेख वाचून एखाद्या घरात "याच्या रक्तातच आहे" ऐवजी "याला जरा जास्त मदत करू या" असे म्हटले गेले, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.